कडुनिंबाचा मासा

१ जुलै २०२५, मंगळवार. सकाळी.

वहीस मुंजाजीचा आशीर्वाद. जन्मभर पत्रंच लिहिली, त्यामुळे कोरा कागद दिसला की हात आधी खुशालीकडं वळतो. तर एकेकाचं विचारून घेतो. डावा गुडघा कसा आहे? बरा आहे, पायरीला कुरकुरतो. उजवा? त्याचं नाव काढू नये. बायकोची, कस्तुराची ढास? आहे, पण तिच्या बोलण्याला अडथळा होईल एवढी नाही. म्हैस? गाभण आहे आणि त्याचा तिला फार गर्व झालाय. जावयानं दिवाळीला दिलेली गळाची फायबरची काठी? खुंटीला टांगलीय, रीलमध्ये कोळ्यानं घर केलंय. तळं? अर्ध्यावर आलंय. तळ्यातली मरळ? ठणठणीत असावी. तिनं अजून थोडे दिवस तब्येतीला जपावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सविता? तिच्यासाठीच ही वही.

संक्रांतीला पाथरीला लेकीकडं गेलो होतो. व्याही बन्सीधर गोदावरीच्या काठाला गळ टाकून बसले होते. गळाला गांडूळ. मी एवढंच म्हणालो, की गांडूळ दाखवून मासा धरणं म्हणजे चपराशाला चहा पाजून फाइल पुढं सरकवणं. तिकडं अमेरिकेत लाकडाचा मासा ओढतात, क्रँकबेट म्हणतात त्याला, आणि खरा मासा त्याच्यावर रागानं तुटून पडतो. यात माणसाला झोंबण्यासारखं काय आहे? व्याह्यांना झोंबलं. म्हणाले, इवाई, तुमच्या त्या लाकडाला एक जीव जरी भुलला ना, तर तुमच्या घरी पंगतीला बसंन. तवर तुमच्या उंबऱ्याला माझा पाय न्हाई. तेव्हापासून पाय नाही.

काल सविताचा फोन आला. म्हणाली, बाबा, पंचमीला यायचं लय मन हाय, पण मामंजी आकाडाचं जेवण तुमच्याकडं जेवले तरच राहीन. न्हाई तर तिकडं ते तोंड फुगवणार, इकडं तुमी, आन मधी मी जात्यातल्या दाण्यावानी.

झालं तर मग. आखाड संपायच्या आत मरळ धरायची. कालवण करून व्याह्यांच्या ताटात वाढायची. सोपं काम आहे. उगाच सहा महिने घालवले.

२ जुलै.

दिवसभर व्हिडिओ. एक टोपीवाला अमेरिकन आहे. भाषा कळत नाही, पण हात कळतात. विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग हा माझा धंदा, तोसुद्धा मी कुणाचे तरी हात बघूनच शिकलो. चुडाव्यापासून ताडकळसपर्यंत मी बांधलेली मोटार जळाली असं कुणी म्हणून दाखवावं. (एक जळाली. व्होल्टेजची चूक.)

त्याच्याकडचा मासा बास. आपल्याकडं बास नाही, मरळ आहे. स्वभाव एकच. झाडोऱ्यात दडून बसायचं आणि समोरून कुणी ऐटीत चाललं की अंगावर जायचं. अशी माणसं आमच्या पारावर रोज बसतात, तेव्हा मरळीचा स्वभाव मला नव्यानं शिकायला नको.

मुख्य गोष्ट क्रँकबेटची जीभ. लाकडाच्या माशाच्या तोंडाखाली एक चपटी पट्टी असते. दोरी ओढली की पाणी त्या जिभेवर आदळतं, मासा खाली बुडी मारतो आणि अंग हलवत पळतो. ओढणं थांबलं की वर तरंगतो. जीभ जेवढी लांब, तेवढा खोल जातो. कस्तुराकडं बघून हा नियम लगेच पटला.

४ जुलै.

दुकानातलं क्रँकबेट मागवणार नाही. प्लॅस्टिक आहे. आपण स्वतः कोरणार, कडुनिंबाचं. निंबाला कीड लागत नाही. अमेरिकनाला हे सुचलेलं नाही.

अंगणातल्या निंबाची खालची फांदी तोडली. सुरेख सरळ लाकूड. कस्तुरा बाहेर आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. म्हणे, आवं, ही झोक्याची फांदी! पंचमीला लेक झोका कुठं खेळणार? मी म्हणालो, आधी लेक येऊ दे, मग झोक्याचं बघू. फांदी तोडली म्हणूनच ती येणार आहे. हा हिशेब बायकांना कळत नाही.

मग म्हणाली, निंब कडू असतोय, मासा तोंड तर लावील का? मी म्हणालो, मासा काय दात घासणार आहे?

संध्याकाळपर्यंत मासा तयार. पोटाला तीन नांग्यांचा गळ. शिंगांना लावायचा रंग मागच्या पोळ्याचा उरलेला होता, तो दिला. पाठ हिरवी, पोट पिवळं, डोळा लाल. जीभ उत्तम स्टीलची.

५ जुलै.

कस्तुराला उलथनं सापडत नाही. माणसानं वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात.

६ जुलै, रविवार.

एकादशी. मासेमारी बंद, पाहणी चालू. तळ्याला पूर्ण फेरी मारली. बाभळीखाली पाण्यात एक मोठा दगड आहे. मरळ तिथंच असणार. मी मरळ असतो तर तिथंच बसलो असतो.

देव पाठीशी आहे याचा पुरावा मिळाला. काठाच्या चिखलात पितळी घुंगरू पडलेलं सापडलं, चांगलं लिंबाएवढं. अमेरिकनाच्या क्रँकबेटमध्ये छर्रे असतात, हलवलं की वाजतात, आवाजानं मासा येतो. पण छर्रे आत कोंडलेले. कोंडलेला आवाज कुणाला ऐकू जाणार? मी घुंगरू उघडंच शेपटीला बांधलं. हलवून पाहिलं. खण्‌ खण्‌. म्हशीनं मान वर केली. जनावराला कळतं.

७ जुलै. पहिला दिवस.

पहिला कास्ट, म्हणजे गळाची फेक, बाभळीत. दुसरा माझ्या टोपीत. दोन्ही अंदाज घेण्यासाठी टाकले होते.

तिसरा थेट पाण्यात, आणि लगेच ओढ! काठी वाकली, रील किर्रर्र करायला लागलं, मी टाच रोवली आणि मनात म्हटलं, व्याही, बसा आता पंगतीला. गोधडी निघाली. शेजारच्या नर्मदाबाई पंचमीचं धुणं घेऊन आल्या होत्या. गोधडीनं लढत चांगली दिली. दोरी तुटली नाही, ही जमेची बाजू. नर्मदाबाई जे बोलल्या ते इथं लिहीत नाही; वही नवीन आहे.

८ जुलै.

टेक्निक सुधारलं. 'ओढ, थांब, ओढ.' थांबलं की मासा धरतो म्हणतात. ओढलं, थांबलो. ओढलं, थांबलो. एवढ्यात पाठीमागं खुरांचा आवाज. मल्हारच्या मेंढ्या. सगळा कळप काठाला येऊन माझ्याकडं बघत उभा. पुढं म्होरक्या बोकड, काळा, दाढीवाला, तहसीलच्या मोठ्या बाबूसारखा गंभीर. पाण्यात पाय घालून सगळा गाळ वर केला.

मल्हार अर्ध्या तासानं धापा टाकत आला. म्हणे, मामा, जनावरं तिकडं माळावर चरायलीती, एकदम कामून इकडं पळाली कळंना. मी म्हणालो, तुला कळत नाही म्हणूनच ती पळतात.

१० जुलै.

पुन्हा मेंढ्या. दक्षिणेच्या काठाला गेलो, तिकडंही मेंढ्या. मल्हार मुद्दाम करायलाय अशी शंका आहे. त्याची बायको भिवराबाई घरोघर विचारत फिरायलीय म्हणे, म्होरक्याचं घुंगरू कुठं पडलं, कुणाला गावलं का? घुंगरू नसल्यापासून कळप दहा दिशेला फुटतो, एकमेकींचा माग लागत नाही.

घुंगराशिवाय ज्याला मेंढ्या सांभाळता येत नाहीत, त्यानं कोंबड्या पाळाव्यात.

माझ्या लाकडाच्या माशाचं घुंगरू मात्र फारच गोड वाजतं. रस्त्यानं चाललो तरी वाजतं. म्होरक्या घरापर्यंत सोबत आला. जनावराला माणसाचा स्वभाव कळतो. अर्धी भाकरी दिली. मल्हार त्याला नीट खायला घालत नसणार.

१२ जुलै.

नवीन टेक्निक शिकलो. खोल पाण्यातल्या माशासाठी काठावर गुडघे टेकायचे, काठीचं टोक पाण्यात बुडवायचं आणि रील फिरवायचं. लाकडाचा मासा आणखी खाली जातो. अमेरिकन असा बसतो आणि हसत उठतो.

मी बसलो. खाली जाणं उत्तम झालं. उठणं झालं नाही. उजवा गुडघा, ज्याचं नाव काढायचं नव्हतं, त्यानं स्वतःच आपलं नाव काढलं. काठीवर जोर द्यावा तर फायबर. ओरडावं तर व्याह्यांच्या कानावर जाईल. तसाच राहिलो. मग घुंगरू ऐकून मेंढ्या आल्या. चारी बाजूंनी गोल करून उभ्या राहिल्या आणि म्होरक्या बरोबर माझ्या तोंडासमोर. मी त्याच्या मानेत हात घातला उठायला.

नेमका तेव्हाच मल्हार आला. लांबूनच चप्पल काढून उभा राहिला. नंतर गावात सांगितलं म्हणे, की मामा बोकडासमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेते, मला वाटलं नवस हाय, मधी कसं बोलावं?

अडाणी माणूस. उचलून घरी आणलं तेवढं मात्र नीट आणलं.

१३ जुलै.

विश्रांती. निरगुडीचा शेक. कस्तुरा ताडकळसच्या बाजारात घेतलेली सुकट निवडत बसलीय. पिशवीभर. पहिल्याच बाजाराला आणून ठेवली म्हणे, माझा मासा कोरायच्याही आधी. घरात ताजी मरळ येणार आणि ही बाई वाळके मासे निवडतेय! विचारलं तर म्हणाली, असू द्या, आकाड हाय, पाव्हणे हायती, घरात असलेलं बरं. माझ्यावर विश्वास नाही असं नाही, सवय आहे तिला साठवून ठेवायची.

१५ जुलै. महत्त्वाचा दिवस.

आज दगडावर आपटायचं टेक्निक. लाकडाचा मासा मुद्दाम दगडाला धडकवायचा. धडकून तो वाकडा पळतो, मरळीला वाटतं हा घायाळ झाला, आणि ती झडप घालते. बाभळीखालच्या दगडावर बरोबर धडकवला. घुंगरू पाण्याखाली घुमलं. थांबलो.

आणि ती आली.

खोटं लिहीत नाही, वहीत खोटं लिहून करायचं काय? काळंभोर डोकं, सापासारखं. जबडा उघडला, माझा हिरवा-पिवळा मासा पूर्ण आत घेतला. मी रील घट्ट धरलं. सविता दिसली, झोका दिसला, व्याह्यांच्या ताटातलं कालवण दिसलं.

आणि मग तिनं तो थुंकला. गिळायच्या आत, नुसता जिभेला लागला न लागला तोच, पचकन. फूटभर लांब जाऊन पडला. मरळ वळून माझ्याकडं बघून गेली. लहान पोराला काढा पाजल्यावर ते जसं बघतं, तसंच तोंड.

निष्कर्ष: घाबरली. एवढा ताकदवान मासा तिनं आधी पाहिला नव्हता.

घरी सांगितलं. कस्तुरानं पिठात पाणी घातलं. मग म्हणाली, कडू. एवढंच. आणि भाकरी थापायला लागली. उलथनं नसल्यामुळं भाकरी हातानं उलटते आणि बोटं पोळली की माझ्याकडं बघते. का, कळत नाही.

१६ जुलै.

कडूवर उपाय. लाकडाच्या माशाला गूळ चोळला. मुंग्या आल्या. मासे नाहीत.

१७ जुलै, गुरुवार.

सविताला फोन केला. सांगितलं, जेवण अमावास्येला, २४ तारखेला. आखाडाचा शेवटचा दिवस, मी भरपूर वेळ ठेवून दिवस निवडलाय. ती म्हणाली, बाबा, २४ ला कोण वार हाय बगितला का? गुरुवार. मामंजी गुरुवार धरतेत, गुरुवारी वशाटाला, मासळी-मटणाला शिवत बी न्हाईत. तुमाला अठरा वर्षं झाली त्यांना ओळखायला.

पंचांग छापणाऱ्यांनी अमावास्या गुरुवारी का टाकावी? लोकांच्या अडचणीचा विचार नको?

जेवण बुधवारी, २३ ला. एक दिवस गेला. हरकत नाही. ज्याला येतं त्याला दिवस पुरतात.

फोन ठेवताना सविता म्हणाली, बाबा, मासा न्हाई गावला तर राहू द्या हो. मामंजींना मी समजावीन. मी म्हणालो, तू फक्त झोक्याची दोरी घेऊन ये. मग आठवलं, फांदी. आवाज जरा घोगरा झाला होता. पावसाळी हवा.

१९ जुलै.

व्याह्यांचा निरोप आला जावई योगीराजकडून. येतो म्हणाले. पण बोली बोली हाय, लाकडाला भुललेला जीव डोळ्यांनी बघितल्याबिगर पाट धरणार न्हाई. बघितल्यावर पान्या-पावसात बी जेवीन.

माणूस हट्टी. संपूर्ण आयुष्य गांडूळ लावून बसल्यावर दुसरं काय होणार? आणि हसतो कसा, आधी पोट हलतं, मग खांदे, मग शेवटी आवाज. त्याच्या हसण्याची आठवण यायचं काही कारण नाही. लिहिलं गेलं.

२० जुलै.

जीभ आणखी लांब केली. झारा वापरला.

२१ जुलै.

झाऱ्याला भोकं असतात. पाणी भोकातून जातं, बुडी मारली जात नाही. हे शास्त्र आज माझ्या लक्षात आलं. अमेरिकनाच्या कुठल्याच व्हिडिओत नाही. जुनी जीभ परत बसवली. कस्तुरानं आता स्वयंपाकघराला कडी घातलीय. चहा खिडकीतून देते.

तळ्यावर मेंढ्या होत्याच. आता मी येण्याआधीच येऊन बसतात. म्होरक्या माझी टोपी चाटतो. मल्हार म्हणाला, मामा, तुमच्यापाशी काय जादू हाय? माझ्या हाकंला वळंना झालंय हे बोकड. मी म्हणालो, माया लागते मल्हारी, माया. त्याचा चेहरा पडला. वाईट वाटलं. त्याला तंबाखू दिली.

२२ जुलै, मंगळवार.

पाऊस. पाणी गढूळ. गढूळ पाण्यात मासा डोळ्यानं नाही, कानानं शिकार करतो. म्हणजे उद्या घुंगरूच काम करणार. सगळं जुळून येतंय. मनातल्या मनात कालवणात कोथिंबीरसुद्धा घालून झाली.

२३ जुलै, बुधवार. सकाळी सात.

निघालो. पाहुणे बाराच्या आत येतील, पाथरीहून जीप केलीय. कस्तुरानं विचारलं, चूल कशासाठी पेटवू? मी म्हणालो, मरळीसाठी. ती म्हणाली, बरं. पण तिनं ज्या पातेल्याकडं हात नेला ते सुकटीचं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं.

२३ जुलै. संध्याकाळी पाच.

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बाभळीखाली उभा राहून सकाळपासून टाकत राहिलो. ओढ, थांब, ओढ. दगडावर आपटलं. कडेनं ओढलं. हळू, जोरात, तिरकं. हात भरून आले. गुडघे टेकायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण अकराच्या सुमारास टेकले. देवाला टेकले का टेक्निक म्हणून, हे मलाही नीट सांगता येणार नाही.

एकदा ओढ लागली. जड. जिवंत वाटावी अशी. हळूहळू आणलं. पोतं निघालं, कुणाचं तरी, गाळानं भरलेलं.

पोत्यातून गळ सोडवत बसलो तेव्हा पाटाच्या पलीकडच्या रस्त्यानं जीप गेली. खिडकीतून सविताचा हात बाहेर. मला बघून हलवला. मी पण हलवला. हातात पोतं होतं.

मेंढ्यांना धरून उठलो. काठी खांद्यावर टाकली, काठीच्या टोकाला तो हिरवा-पिवळा मासा, आणि घराकडं निघालो. मागं बघितलं नाही. बघायची इच्छा नव्हती. मागं काही आवाज येत होता, पण आज मला कुठल्याच आवाजाशी घेणं नव्हतं. घुंगरू खण्‌ खण्‌ वाजत होतं आणि मी व्याह्यांना म्हणायचं वाक्य जुळवत होतो. जुळत नव्हतं.

गल्लीत आलो तर नर्मदाबाई दारात उभ्या, पदर तोंडाला लावून. वाटलं, गोधडीचा राग. आमच्या ओट्यावर व्याही बसलेले, हातात पाण्याचा तांब्या. पाणी प्यायले नव्हते. शेजारी योगीराज. दारात सविता, तिच्या मागं कस्तुरा.

मी म्हणालो, व्याही, आज मासा... आणि थांबलो.

व्याही माझ्याकडं बघतच नव्हते. माझ्या पाठीमागं बघत होते. तांब्या हळूच खाली ठेवला. आधी पोट हलायला लागलं. मग खांदे. मग म्हणाले, आवो इवाई! मी एक मासा म्हणलो हुतो, तुमी तर सगळा कळपच धरून आणला की!

वळून बघितलं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मेंढ्यांनी भरलेली. सगळ्यात पुढं म्होरक्या, माझ्या काठीच्या टोकाला असलेल्या घुंगरावर नजर लावून, तोंड वर करून. मी उभा राहिलो तशी सगळी उभी राहिली. काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, तशा सगळ्या माना इकडून तिकडं वळल्या.

मेंढ्यांच्या मागून मल्हार आणि भिवराबाई पळत आले. भिवराबाईंनी घुंगरू बघितलं आणि तिथंच मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, माय गं, हे तर आमच्या म्होरक्याचं! अख्खा तालुका पालथा घातला आमी, आन तुमी ते माशाला बांधून वाजवायलाव व्हय मामा? मल्हार धापा टाकत उभा. नुसता माझ्याकडं आणि बोकडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, मंजी माया न्हाई लागली त्याला तुमची. त्यात समाधान होतं हे मला स्पष्ट ऐकू आलं.

मी काठी खाली घेतली. घुंगरू काढायला लागलो. गाठ सुटेना.

तेवढ्यात व्याही उठले. मला वाटलं, आता जीप. पण खाली आले, मेंढ्यांतून वाट काढत. म्होरक्याच्या शिंगाला हात लावला, माझ्या लाकडाच्या माशाला हात लावला, जिभेकडं नीट बघितलं. म्हणाले, हे उलथनं हाय का? मी म्हणालो, होतं. मग योगीराजकडं वळून म्हणाले, लाकडाला एक जीव भुलला तर जेवतो म्हणलो हुतो. माशाचाच जीव पायजे असं काय बोली नव्हती. हितं तर मोजायला यायचं न्हाई एवढे जीव भुलल्याती. सुनबाई, पाट मांड.

सविता हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही, म्होरक्या मधी उभा होता.

जेवण सुकटीचं. झणझणीत, भाकरी, कांदा. व्याही पोटभर जेवले. मधेच ताटातली एक सुकट दोन बोटांत धरून उजेडाकडं नेली आणि म्हणाले, इवाई, तुमची मरळ जरा बारीक हाय, पण चवीला झ्याक. कस्तुरा इतकी हसली की ढास लागली. मल्हार आणि भिवराबाईसुद्धा पंगतीला बसले. मेंढ्या अंगणात. कोथिंबिरीचा वाफा संपला.

मीही हसलो. शेवटी शेवटी.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण लागला.

नोंद ठेवायची म्हणून ठेवतो. सविता राहिलीय. पंचमीपर्यंत आणि नंतरही चार दिवस, म्हणाली. व्याही एक दिवस म्हणून आले, ते काल गुरुवारचा उपास इथंच सोडून आज सकाळी गेले. जाताना योगीराजला निंबावर चढवून वरच्या फांदीला झोका बांधून दिला. वर बांधलाय त्यामुळं झोका जास्त लांब जातो. म्हणजे खालची फांदी तोडली हे योग्यच होतं.

फक्त काल सवितानं फांदी तोडलेल्या जागेवर एकदा हात फिरवला. 

लाकडाचा मासा म्होरक्याच्या गळ्यात आहे. घुंगरू सुटेनाच, तेव्हा भिवराबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या मामा, शोभतंय. गळ काढला, जीभ काढून कस्तुराला परत दिली. तिनं धुऊन मांडणीवर ठेवली. तिची भाकरी आता उलटते, पण मला अजून खिडकीतूनच चहा. कळप तळ्यावर चरतो, मल्हार झोपतो, एकही जनावर भटकत नाही. गावात म्हणतात, मुंजाजीच्या क्रँकबेटला रोज मेंढरं लागतात.

माझ्याकडं काठी आहे, रील आहे, आणि बाकी काही नाही. व्याह्यांनी निघताना हातात एक डबी दिली. उघडली. ओली माती, आणि गांडुळं. म्हणाले, श्रावण सरल्यावर. आता दोघं मिळून बसू, गोदावरीला नाही तर तुमच्या तळ्याला.

डबी पाण्याच्या माठाशेजारी सावलीत ठेवलीय. केवळ माणसाचा मान म्हणून. गळाला लावणार नाही. आज सकाळी माती कोरडी वाटली म्हणून जरा पाणी शिंपडलं, तेही केवळ दया म्हणून.

पान उरलंय, त्यावर पत्र लिहून टाकतो.

सौ. मरळबाई, मुक्काम बाभळीखालचा दगड, यांस.

तुझी तब्येत कशी आहे? तोंडाची कडू चव गेली का? पोरंबाळं बरी आहेत? श्रावणात आम्ही वशाट खात नाही, तेव्हा महिनाभर तुला अभय आहे. ते माझ्याकडून समज. त्यानंतर आम्ही दोघं येऊ. व्याह्यांना लांबून ओळखू येईल, त्यांचं पोट आधी हलतं. मी शेजारी असेन. मी खुर्ची आणणार आहे, गुडघे टेकणार नाही.

गूळ चोळून पाठवला होता ते विसर. गांडुळाचंही मी पूर्वी जे बोललो ते तू ऐकलं असशील, तर तेही विसर. काय आवडतं ते स्पष्ट कळव, लाजू नको. पावसानं तळं भरत आलंय, वाट सोपी आहे. दोन ओळी लवकर टाक.